मामा कोणत्या वाटेनं लागतो

माझा साखरपुडा अर्ध्यावर थांबला, कारण नवरा मुलगा सगळ्यांच्या देखत माझ्या पाया पडला.

बाहेरच्या माणसाला यात बिघडलं काय ते कळायचं नाही, म्हणून आधी आमच्याकडची रीत सांगते. आमच्यात भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पडतो. भाची पाळण्यात असली आणि मामाच्या मिशा पांढऱ्या झाल्या असल्या, तरी त्यानंच वाकायचं. भाचीनं आपल्या पायांना हात लावला तर मामाला पाप. भाची घरी आली की तिला रिकाम्या हातानं परत धाडायचं नाही आणि तिनं तोंडानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या चुलत बहिणी आजोळी जायच्या आणि नवे फ्रॉक मिरवत परत यायच्या. मला मामाच नव्हता. आई एकुलती एक. माझ्या पाया कधी कोणी पडलंच नाही, आणि लहानपणी मला याचं इतकं वाईट वाटायचं, की दूध घालायला येणाऱ्या माणसाला मी एकदा विचारलं होतं, तुम्ही माझे मामा व्हाल का. तो बिचारा हो म्हणाला. आईनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तर साखरपुडा. मी जळगावात खोली घेऊन राहते आणि घरबसल्या एका कंपनीसाठी कोड लिहिते. आमचं गाव पारोळ्याजवळ. मुलगा शिरपूरचा, तिथे कॉलेजात औषधांचं शास्त्र शिकवतो. धुळ्याला एका मैत्रिणीच्या लग्नात आमची ओळख झाली आणि पुढचं आमचं आम्हीच ठरवलं. घरी सांगितलं तर दोन्हीकडे आनंद. जात तीच, घरं तोलामोलाची, मुलगा निर्व्यसनी. कोणाला नाव ठेवायला जागाच नाही. इतकं सरळ लग्न आमच्या भाऊबंदांत पूर्वी झालेलं नसावं, म्हणून सगळे थोडे हिरमुसलेच होते.

ओसरीत मुलगा पाटावर बसलेला, समोर मी, मध्ये सुपारी. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"थांबा."

आबा. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, त्यामुळे खांद्यावर बसवून जत्रा दाखवण्यापासून मारुतीच्या पारावर माझं कौतुक करण्यापर्यंत आजोबाचं सगळं काम आबांनीच केलं. त्यांना मूलबाळ नाही, आजी गेलेली. नजर अजून घारीसारखी, पण गुडघे गेले. वाकताच येत नाही. म्हणून रविवारी मी जळगावहून गावी आले की त्यांच्या पायाची नखं मी कापते. आधी पातेल्यात कोमट पाणी, त्यात पाय भिजवायचे, मग नेलकटर. ती नखं भिजूनही ऐकत नाहीत. मी कापत असते आणि आबा वरून सूचना देत असतात, जणू विहीर खणायचं काम चाललंय. हा आमच्या दोघांचा वेळ. त्यात कोणी बोललेलं आबांना खपत नाही.

तर आबा म्हणाले, थांबा, आणि आईच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या नानांच्या घरात शिरले. आबा नातं सांगायला लागले की सरळ जात नाहीत. ते एका घरात शिरतात, तिथली भांडणं, तिथली विहीर, तिथला वारलेला बैल, सगळं सांगून बाहेर येतात आणि शेजारच्या घरात शिरतात. आम्ही सगळे सुपारीकडे बघत बसलो. शेवटी ते पोचले.

"नानानी सावत्र मायनी बहीण शिरपूरले दियेल व्हती. तिनी जाऊबाईना आंडोर म्हंजे ह्या पोऱ्याना बाप. मंग नाना आनी पोऱ्याना बाप भाऊ-भाऊ व्हयनात. मंग हाऊ पोऱ्या हिनी मायना भाऊ. हाऊ तं हिना मामा लागस!"

आता सावत्र पणजीच्या बहिणीच्या जाऊबाईच्या मुलाचा मुलगा हे काय नातं झालं, असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणेपर्यंत वेळच मिळाला नाही. मुलाच्या आईनं मुलाला उत्तम वळण लावलेलं. "मामा लागस" हे शब्द कानावर पडले आणि तो सवयीनं पाटावरून उठला, वाकला आणि माझ्या पाया पडला.

"पाया पडना!" आबा म्हणाले. "बठ्ठासनी दखं ना?"

सगळ्यांनी बघितलं होतं. स्वतः नवऱ्या मुलानंच नातं मान्य केल्यावर वाद कसला? सुपारी तशीच राहिली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी तयार होती, ती मात्र सगळे जेवले. जाताना शिरपूरची मंडळी आबांच्या पाया पडून गेली. जन्मभर मामासाठी तरसले आणि मिळाला तो हा असा.

पुढच्या आठवड्यात तो मला भेटायला जळगावला आला. आम्ही भरीत-पुरी खायला गेलो. हात धुऊन टेबलाशी आलो आणि हा एकदम खाली गेला. चक्कर आली समजून मालक पाणी घेऊन धावत आले. पाहतात तर हा माझ्या चपलांना हात लावून डोक्याला लावतोय.

"काय चाललंय तुझं?" मी दातओठ खात विचारलं.

"आईनं सांगितलंय. निकाल लागेपर्यंत पडत जा म्हणाली. उगाच पाप नको."

"आणि निकाल उलटा लागला तर?"

"मग पुण्य," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसून भरिताकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. वेडाच आहे, पण माझा आहे. मला असा संताप आला, की मी पुरी न खाता उठले. निकाल मीच लावणार होते.

त्या दिवसांत माझ्या कंपनीचं काम होतं एका गोदामाचं. गोदामात विभाग, विभागात रॅक, रॅकला कप्पे, कप्प्यात खोकं, खोक्यात आणखी खोकं. एखादी वस्तू सांगितली की ती कुठे आहे त्याची वाट कोडनं सांगायची: अमुक विभाग, तमुक रॅक, अमक्या कप्प्यातलं आतलं खोकं. असं कोड दिसायला अगदी एवढंसं असतं. ते हातात आलेल्या खोक्याला विचारतं, हवी ती वस्तू तूच का? नसेल तर खोकं उघडतं आणि आतल्या प्रत्येक खोक्यासाठी पुन्हा स्वतःलाच हाक मारतं. आतलं खोकं उघडतं, त्याच्या आतलं उघडतं. तळाशी काही नाही मिळालं, की रिकाम्या हातानं एक पायरी वर येतं आणि शेजारचं खोकं उघडतं. मला हे कोड फार आवडतं. त्याला कंटाळा नाही, लाज नाही, आणि पुढे काय आहे याची कल्पनाही नाही.

मी म्हटलं, माणसं तरी वेगळी कुठे आहेत? घरात माणूस, माणसाच्या पोटी माणसं. गोदाम काढून भाऊबंद भरायचे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, मधली वाट कोड शोधेल. आबांची वाट खोटी निघाली तर उत्तम. नाहीतर दुसरी चांगली वाट निघेल.

माहितीसाठी साक्रीच्या आत्याला फोन केला. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला जिल्ह्यातलं प्रत्येक घर माहीत आहे आणि त्यातल्या निम्म्यांशी तिचं पटत नाही. तिनं पहिल्या फोनला दुपार घालवली. "तुनी सासू राहनारी ती बाईना माहेरले मी जायेल शे. च्यामा साखर नही टाकतस," असं करत करत तिनं नानांच्या चार पिढ्या मला दिल्या. मग बातमी फुटली. पारोळ्याहून, धुळ्याहून फोन सुरू झाले. "आमले काबरं धरं नही?" प्रत्येकाला वंशाच्या झाडात जागा हवी होती, आणि बऱ्याच जणांना कोणीतरी झाडातून काढूनही हवं होतं. एका काकूंनी सासूला वगळायची विनंती केली. सासूला वगळलं तर काकांना जन्माला कसं घालू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते तू बघ, तू शिकलेली आहेस.

रविवारी गावी ओसरीत बसून पहिल्यांदा कोड चालवलं तेव्हा वाट निघाली, पण ती पानभर लांब. बघितलं तर त्यात ज्यांचा काही संबंध नाही असे सगळे लोक. माझीच चूक होती. रिकाम्या हातानं घराबाहेर येताना त्या घराचं नाव वाटेतून खोडायचं असतं, ते मी विसरले होते. त्यामुळे कोड जिथे जिथे जाऊन आलं तिथली सगळी मंडळी सोबत घेऊनच पोचलं होतं. मी चिडून ते मोठ्यानं वाचत होते. आबा खाटेवरून मन लावून ऐकत होते.

"बरोबर शे," ते म्हणाले. "नातं असंच सांगतस."

ती चूक दुरुस्त केली तर कोड थांबेचना. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, पडदा गोठला. कितीतरी वेळ मला कळेना. मग उजेड पडला. मी झाड समजून लिहिलं होतं. झाडाची फांदी एकदा फुटली की परत येऊन बुंध्याला चिकटत नाही. आमच्यात चिकटते. एका घराला मुलगी दिली की त्याच घरातली मुलगी आपल्या मुलाला करायची, हे साटंलोटं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. कोड बिचारं साक्रीहून पारोळ्याला यायचं, पारोळ्याहून साक्रीला जायचं, आणि प्रत्येक वेळी नवीन घर आलं असं समजून आनंदानं आत शिरायचं. शेवटी पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाया दारावर खडूनं खूण करून जातात, तसं केलं. ज्या घरात जाऊन आलं त्या दारावर खूण, खूण दिसली की आत जायचं नाही.

मग वाट निघाली. छोटी, नेमकी, स्वच्छ. मी, आई, नाना, नानांची सावत्र आई, तिची बहीण, बहिणीची जाऊ, जाऊबाईचा मुलगा, त्याचा मुलगा. मामा.

माझ्याच कोडनं त्याला माझा मामा ठरवलं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ रडले. आईनं काही न बोलता भांडी आपटली. आबांना तोंडावर बोलायची आमच्या घरात कोणाचीच टाप नाही, म्हणून आईचं सगळं मत भांड्यांतून बाहेर पडतं.

रडून झाल्यावर लक्षात आलं, की कोड पहिली वाट सापडली की थांबतं. त्याला थांबू नको म्हणून सांगितलं. एका वाटेवर पडलेल्या खुणा दुसऱ्या वाटेला लागू नाहीत, असंही सांगितलं. सगळ्या वाटा काढ, म्हटलं.

तेव्हा जे बाहेर आलं ते वाचून मी हसावं की रडावं. तो माझा मामा होताच. एका वाटेनं तो माझा आतेभाऊ होता, म्हणजे लग्नाला अगदी पसंतीचा. आणखी एका वाटेनं माझा भाचा होता, म्हणजे मीच त्याच्या... नाही, तो हिशोब मला लागलाच नाही. धुळ्यावरून गेलं तर तो माझा चुलत आजोबा होता. आणि गंमत म्हणून मी दोन्ही टोकांना माझंच नाव घातलं, तर तीन घरं फिरून मी माझीच मावशी निघाले. मामा नसेना, मला मावशी तरी होती आणि ती घरातच होती.

मग रविवारी आमच्या ओसरीत माणसांची गर्दी व्हायला लागली. एका काकांची जगन्नाथपुरीची यात्रा ठरलेली होती आणि त्यांचे एक म्हातारे नातेवाईक अत्यवस्थ. त्यांना सुतक लागणार नाही अशी वाट हवी होती. मी दिली. ते म्हातारबाबाच मग ठणठणीत बरे झाले आणि तेही त्यांच्यासोबत यात्रेला गेले. एक जोडपं नुसतं मौज म्हणून आलं. लग्नाला वीसेक वर्षं झालेली, मुलं कॉलेजात. एका वाटेनं नवरा बायकोचा मामा निघाला. तो अंगणातच हसत हसत तिच्या पाया पडला.

"राहू द्या तसेच थोडा वेळ," ती म्हणाली. ती मात्र हसत नव्हती.

हे सगळं बघून मला वाटलं, आबा आता वरमतील. सगळेच सगळ्यांचे सगळे लागतात, तर एकट्या माझ्याच लग्नाला आडवं का यायचं? मी आबांना तसं स्पष्ट विचारलं. आबा ढिम्म.

"नातं ते नातं. लांबनं काय, जवळनं काय. एक डाव लागनं म्हंजे लागनं."

इकडे शिरपूरहून निरोप आला. येत्या रविवारी आम्ही येतो, काय ते एकदाच सांगा. नाहीतर मुलासाठी दुसरीकडे बघायला सुरुवात करतो. मुलानं वेगळा निरोप पाठवला होता: तू काय ते कर, मी जेवत नाहीये. मला खात्री आहे तो जेवत होता, पण कमी जेवत असणार.

त्याआधीच्या रविवारी मी आबांची नखं कापायला बसले. बोलत नव्हते. पातेलं आदळलं, पाय त्यात टाकले, नेलकटर चालवायला लागले. आबाही सूचना देत नव्हते. एका पायाची नखं झाल्यावर म्हणाले,

"शिरपूर कितलं लांब शे?"

"लांब नाही. एसटी जाते."

"दर आयतवारे येशी का मंग?"

माझा हात थांबला. आबा माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते. तेव्हा मला कळलं. शोध काय मी एकटीनंच घेतला नव्हता. लग्न ठरल्या दिवसापासून आबा खाटेवर पडून एकेक घर उघडत होते. नानांच्या घरात शिरले, सावत्र आईपाशी गेले, शिरपूरच्या जाऊबाईपर्यंत पोचले. त्यांना मी जाऊ नये एवढंच हवं होतं, आणि हवं ते सापडल्याबरोबर ते थांबले. मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी दुप्पट रागही आला. मला सरळ म्हणाले असते, पोरी, मला करमणार नाही, तर मी दर रविवारी यायला काय नाही म्हणाले असते? मी उरलेली नखं कापली आणि उत्तर न देता उठले.

त्याच रागात मी कोडच्या एका टोकाला माझं नाव घातलं आणि दुसऱ्या टोकाला आबांचं.

सरळ वाट माहीतच होती: मी, वडील, आजोबा, त्यांचे भाऊ. त्याखाली आणखी एक निघाली. मी, आई, नाना, नानांची थोरली बहीण, तिचा नवरा, त्या नवऱ्याची बहीण, त्या बहिणीचा मुलगा म्हणजे आबा. मी साक्रीच्या आत्याला फोन लावला. ती म्हणाली, हो मग! आबांच्या मामांची ती पहिली बायको. ती लवकर वारली, मामांनी दुसरं लग्न केलं, आणि ते नातं कोणी धरेनासं झालं. म्हणजे नानांची बहीण ही आबांची मामी. माझी आई आणि आबा त्या वाटेनं बहीण-भाऊ.

आणि आईचा भाऊ म्हणजे कोण, हे मला कोणी सांगायला नको होतं.

रविवारी शिरपूरची मंडळी आली. साक्रीची आत्याही आली, तिला असं काही चुकवायचं नसतं. ओसरीत सगळे बसले. तो कोपऱ्यात पाट न घेता भिंतीला टेकून बसला. मी उभी राहिले आणि ती वाट मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "आबा, लांबचं नातंही नातंच असेल, तर तुम्ही माझे मामा. इतकी वर्षं माझ्या पाया पडला नाहीत. आणि लांबचं नातं धरायचं नसेल, तर हाही माझा मामा नाही. काय ते ठरवा."

मला वाटत होतं मी जिंकले. माझी खात्री होती, की आबा हात झटकून म्हणतील, ऱ्हाऊ दे ती लांबनी गोट, आणि सुपारी फुटेल. वडील तर सुपारी शोधायलाही लागले होते.

आबा हळूच म्हणाले, "मनी माय आजारी व्हती तवय मी साक्रीले ऱ्हाऊ. मामी माले मांडीवर लई बसे. कळनानी भाकर मोडी मोडी चारे. आपलं पोरगं नही व्हतं तिले." त्यांनी माझ्या आईकडे बघितलं. "ती मामीले मी लांबनी म्हनू?"

साक्रीच्या आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

आबांनी खाटेची कड धरली. आम्हाला वाटलं उठताहेत. पण ते खाली जायला लागले. ज्या माणसाला पायातली चप्पल सरळ करता येत नाही तो माणूस खाटेला धरून, कण्हत, एकेक गुडघा मोडत जमिनीकडे चालला होता. वडील धावले. "सोडा रे," आबा ओरडले. शेवटी ते खाली टेकले, हात पुढे केले आणि माझ्या पायांना लावून कपाळाला लावले.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जन्मात पहिल्यांदा माझे मामा माझ्या पाया पडले होते. आणि त्यांनी नातं धरलं होतं, म्हणजे माझं लग्न मोडलं होतं. कोपऱ्यात तोही रडत होता. हे सगळं माझ्याच कोडनं केलं होतं.

आबांना आता उठता येईना. वडील आणि मुलाचे वडील दोन बाजूंनी जोर लावून बघत होते, गुडघे हलत नव्हते. खाली बसल्या बसल्या, दोन्ही व्याह्यांच्या हातात लोंबकळत, आबा माझ्याकडे बघून म्हणाले,

"आते माग."

"काय मागू?"

"माग काय मागनं ते. भाचीले रिकामा हाते धाडतस नही."

मला समजायला एक क्षण लागला. मग मी कोपऱ्याकडे बोट केलं. "हा द्या."

"पन आबा, हाऊ तं तिना मामा लागस ना!" साक्रीच्या आत्याला राहवेना.

"लागस तं लागस," आबा म्हणाले. "मी मोठा मामा. हाऊ धाकला मामा. मोठा मामानी दी टाकं, आते धाकला मामानी काय बोलानं?"

धाकट्या मामाला काहीच बोलायचं नव्हतं. मुलाच्या आईनं घाईघाईनं सुपारी फोडून घेतली, आबांचं मत बदलायच्या आत. मग चौघांनी मिळून आबांना खाटेवर ठेवलं.

लग्नात मामानं नवरीच्या मागे उभं राहायचं असतं. आबांना उभं राहवत नाही, म्हणून माझ्यामागे खुर्ची ठेवली आणि मंगलाष्टकं होईपर्यंत आबा त्या खुर्चीवरून माझ्या पदराचं टोक धरून बसले. गुरुजींना सारखं विचारत होते, संपलं का.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही दोघं शिरपूरहून गावी गेलो. मी पातेल्यात कोमट पाणी घेतलं, नेलकटर काढलं आणि खाटेपाशी बसले. आबांनी पाय वर ओढून घेतले.

"नही. भाचीना हात मामाना पायले लागाले नको."

मी म्हटलं, आबा, वेडेपणा करू नका. ते ऐकेनात. पाय धोतराखाली लपवून बसले. खाली वाकून माझ्या पायांना हात लावला तेव्हाच हे त्यांना ठाऊक असणार. आबा नात्यात कधी चुकत नाहीत.

शेवटी धाकट्या मामानं माझ्या हातातून नेलकटर घेतलं आणि तो खाली बसला. मी खाटेवर आबांच्या शेजारी बसले. त्याला ती नखं जमत नव्हती, पहिल्याच नखाला नेलकटर सटकलं. आबांनी माझा हात घट्ट धरला.

"हळू रे भो," ते म्हणाले. "ती बरं कापे."